सर्वांत मागचा स्वार

मोटारसायकल हे मुळात एकट्याचे वाहन आहे. मागे कोणी बसलेले असले तरी हँडल एकाच्याच हाती असते. वाऱ्याच्या आवाजात बोललेले शब्द विरून जातात आणि हेल्मेटची काच खाली आली, की स्वार आपल्याच विचारांत गढून जातो. असे असूनही या वाहनाने जगभर माणसांचे मेळे जमवले. मोटारगाडी बाळगणारी माणसे दर रविवारी पहाटे एका चौकात जमून एकमेकांच्या गाड्यांकडे कौतुकाने पाहत उभी राहतात, असे सहसा दिसत नाही. मोटारसायकलवाले मात्र राहतात. निदान राहत असत.

या ‘असत’ला अलीकडे फार अर्थ आला आहे. जुन्या मोटारसायकल मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या तोंडून बहुधा एकच गाऱ्हाणे ऐकू येते. नोंदवहीत नावे पुष्कळ आहेत, वर्गणीही थोडीफार जमते, फेरीचा निरोप मोबाइलवर गेला की होकाराचे अंगठेही उमटतात. परंतु रविवारी सकाळी सहा वाजता चौकात जाऊन पाहावे, तर उभ्या असतात चार गाड्या. त्यांतल्या दोन गेली वीस वर्षे न चुकता येणाऱ्यांच्या, तिसरी त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी मुलाची आणि चौथी चहावाल्याची.

मोटारसायकली कमी झाल्या म्हणून माणसे येईनाशी झाली, असे मुळीच नाही. २०१८-१९ या एका आर्थिक वर्षात भारतातील बाजारात सुमारे २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या. लडाखला मोटारसायकलने जाऊन येणे ही एके काळी जन्मभर सांगत राहण्याजोगी गोष्ट होती. आता दर उन्हाळ्यात ते धाडस कितीतरी जण करतात आणि परत येऊन सोमवारी कामावर हजर होतात. वाहने वाढली, रस्ते सुधारले, हौसही वाढली आणि तरीही मंडळे ओस पडू लागली. तेव्हा कारण वाहनांच्या संख्येत नाही. ते त्या वाहनाच्या स्वभावात आणि स्वारांना एकमेकांची किती गरज वाटते, यात शोधावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत भारतीय रस्त्यांवर ज्या मोटारसायकली आल्या, त्यांची नावे आजही जुनी माणसे आपुलकीने घेतात. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्डची कंपनी उभी राहिली आणि बुलेट भारतात तयार होऊ लागली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा, आणि पुढे १९७३ पासून येझदी या नावाच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत १९६० च्या दशकात आली आणि दुधाचे कॅन अंगाखांद्यावर घेऊन खेड्यापाड्यांत पोहोचली. या गाड्या दणकट होत्या, देखण्या होत्या. पण त्यांचे एकट्याने भागत नसे. त्यांना सतत माणूस लागे.

जावा, येझदी आणि राजदूत यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांना पेट्रोलबरोबर ठरावीक प्रमाणात तेल मिसळून द्यावे लागे. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होण्याची भीती. जास्त झाले तर सायलेन्सरमधून धुराचे लोट आणि प्लगवर काजळी. काजळी धरलेला प्लग काढावा, पॉलिश पेपरने घासावा, फुंकर मारून पुन्हा बसवावा, हा उपचार त्या काळच्या स्वाराला तोंडपाठ असे. जावाची गंमत आणखी वेगळी. किक मारून गाडी चालू झाली, की तोच दांडा आत दाबून पुढे वळवायचा. मग तो गिअरचा दांडा होई. नव्या माणसाने ही गाडी मागून नेली, तर तो गिअर शोधत गल्लीच्या टोकापर्यंतही पोहोचत नसे.

बुलेटची किक हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय होता. टाकीच्या पुढे, दिव्याच्या वर अँमीटरची लहानशी तबकडी असे. तिच्यातला काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, मग हँडलवरचा डीकम्प्रेसरचा दांडा दाबून ती आणखी किंचित पुढे सरकवायची, दांडा सोडायचा, किक पुन्हा वर आणायची आणि मग सगळ्या अंगाचे वजन टाकून पाय मारायचा. यात बळापेक्षा अंदाज महत्त्वाचा. अंदाज चुकला तर किक उलटी येई आणि पायाला असा तडाखा देई, की पुढचे दोन दिवस चालण्यावरून ओळखू यावे, याने बुलेट घेतली आहे. हे ज्ञान गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेतून येत नसे. शेजारी कोणीतरी उभे राहून सांगावे लागे : अजून थोडी, अजून, आता थांब, आता मार.

हे शेजारी उभे राहणे हीच मंडळाची सुरुवात होती.

त्यातून पुढे बाकीचे सगळे आले. सुटा भाग कुठे मिळेल, कोणत्या मिस्त्रीचा हात चांगला, कोणाकडे जुनी टाकी पडून आहे, याची माहिती चौकातच मिळे. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाल्यावर येझदीवाल्यांना तर एकमेकांवाचून गत्यंतरच उरले नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात लोखंडाच्या ढिगातून एखादे गिअरचे चाक हाती लागले, की ते स्वतःच्या गाडीला लागत नसले तरी उचलून आणायचे. कोणाच्या ना कोणाच्या कामाला येईल, हा हिशेब. बँकेतला कारकून, निवृत्त जवान, कॉलेजचा विद्यार्थी आणि गॅरेजमधला पोऱ्या एकाच उघड्या इंजिनाभोवती उकिडवे बसलेले दिसत. रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडलेली असताना जात, भाषा किंवा पगार कोणी विचारत नसे. नंतर चहाच्या वेळी विचारत असतील, तर तो भाग निराळा.

मंडळाच्या फेरीला एक शिस्त असते. बाहेरून पाहणाऱ्याला ती जाणवत नाही. त्याला गाड्यांची एक रांग दिसते आणि तिचा आवाज ऐकू येतो. रांगेच्या आघाडीला रस्ता माहीत असलेला अनुभवी स्वार असतो. तो वेग ठरवतो, कुठे थांबायचे ते ठरवतो आणि छायाचित्रांतही बहुधा तोच पुढे असतो. त्याच्यामागे नवखे, मग बाकीचे. सर्वांत मागे जो चालतो, त्याच्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. खरे पाहता फेरीतले सर्वांत अवघड काम त्याच्याकडे असते. त्याच्या गाडीला एक पिशवी बांधलेली असते. तिच्यात पाने आणि स्क्रू ड्रायव्हर, एक जादा क्लच केबल, ट्यूब, पंक्चरचे सामान, दोन प्लग, थोडी तार, दोरी, विजेरी आणि प्रथमोपचाराची पेटी. नियम एकच : त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. कोणाची गाडी बंद पडली तर तो थांबतो. कोणाला उलटी झाली, कोणाचा चष्मा पडला, कोणाला घरून फोन आला, तरी तोच थांबतो. बाकीचे पुढच्या टपरीवर मिसळ खात असतात तेव्हा हा कुठल्या तरी वळणावर, दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून, हात काळे करीत असतो.

त्याच्या जोडीला आणखी एक अलिखित नियम असतो. प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात पाहत राहायचे. फाटा आला, की मागचा दिसेपर्यंत तिथेच उभे राहायचे. तो दिसला की मग वळायचे. अशा रीतीने एकेकाने एकेकाला सांभाळले, की तीस गाड्यांची रांगही चुकत नाही. पावसाळ्यात मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने बोरघाट चढताना या नियमाची किंमत कळते. २००२ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या द्रुतगती महामार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. त्यामुळे मोटारसायकलवाल्यांचे नाते या जुन्या घाटाशी टिकून राहिले आहे. ढग रस्त्यावर उतरलेले असतात, पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतो न दिसतो. घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे ते स्थान, अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे तिथे नाणे टाकतात. मंडळाची रांग तिथे थांबते आणि मोजदाद होते. धुक्यातून एकेक दिवा वर येत राहतो आणि सर्वांत शेवटी, बऱ्याच वेळाने, एक सावकाश चढणारा दिवा दिसला, की सगळ्यांची खात्री पटते : आता सारे आले.

मनालीहून लेहला जाणाऱ्या रस्त्यावर तांडी येथे पेट्रोल पंप आहे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी सूचना देणारा तिथला फलक प्रसिद्ध आहे. त्या फलकासमोर उभे राहून सगळे जण फोटो काढून घेतात. पेट्रोलचे जादा कॅन कोणाच्या गाडीला बांधले आहेत, हे फोटोत येत नाही.

हे सारे बदलायला सुरुवात झाली, ती १९८५ च्या सुमारास. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. जाहिराती बऱ्याचदा खोट्या ठरतात. ही अक्षरशः खरी ठरली. तेल मिसळणे नको, प्लग घासणे नको, पाच-पन्नास किलोमीटरला थांबून इंजिनाला विश्रांती देणे नको. पुढे सेल्फ स्टार्ट आला. २००९ च्या सुमारास बुलेटच्या घराण्यातही नव्या बांधणीचे इंजिन आले आणि ती किक हळूहळू शोभेची झाली. ट्यूबलेस टायरमुळे पंक्चर झाले तरी चाक लगेच बसत नाही. एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे मानक लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरचेही दिवस संपले. त्याची जागा संगणकाच्या तालावर इंधन सोडणाऱ्या यंत्रणेने घेतली. रस्ता फोन दाखवतो. गाडी बंद पडलीच, तर कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो.

हे वाईट झाले, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघालेल्या परिचारिकेला भर पावसात प्लग घासत बसण्यात काव्य दिसण्याचे कारण नाही. जुन्या गाड्यांच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी पुष्कळ जण रोजच्या कामाला नवी, न रुसणारी गाडीच वापरतात, हेही खरे आहे. पण ‘विसरून जा’ हा सल्ला फक्त इंजिनापुरता राहिला नाही. गाडीला जसा माणूस लागेनासा झाला, तसा स्वारालाही दुसरा स्वार लागेनासा झाला. शेजारी उभे राहून ‘आता मार’ म्हणण्याचे काही कारणच उरले नाही.

ही ओहोटी केवळ मोटारसायकलींच्या वाट्याला आलेली नाही. रॉबर्ट पुटनम या अमेरिकी अभ्यासकाने १९९५ मध्ये एक लेख आणि २००० मध्ये एक ग्रंथ लिहून आपल्या देशातील अशाच एका बदलाकडे लक्ष वेधले. तिथे बोलिंग हा खेळ फार लोकप्रिय. १९८० ते १९९३ या काळात तो खेळणाऱ्यांची संख्या सुमारे १० टक्क्यांनी वाढली. परंतु संघ करून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांबरोबर खेळण्याचे प्रमाण ४० टक्क्यांनी घटले. खेळ राहिला, संघ विरळ झाला. ब्रिटनमध्ये मोटारसायकलवाल्यांच्या अड्ड्यांना हा अनुभव आणखी आधी आला, पण तिथे कारण निराळे होते. लंडनच्या वेशीवरचे एस कॅफे हे १९५० आणि ६० च्या दशकांतील तरुण मोटारसायकलस्वारांचे माहेरघर होते. मोटारगाड्या आवाक्यात आल्या, तरुण चार चाकांकडे वळले आणि १९६९ मध्ये ते बंद पडले. २००१ मध्ये ते पुन्हा थाटात उघडले आणि तिथे लांबलांबून लोक येऊ लागले. भारतात दुचाकी टिकल्या, वाढल्या आणि तरी मंडळे विरळ झाली, म्हणून इथले दुखणे बोलिंगच्या अधिक जवळचे आहे.

यावर कोणी म्हणेल, की मोटारसायकलवाल्यांचे मेळावे तर पूर्वीपेक्षा मोठे होत आहेत. तेही खरे आहे. हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९८३ मध्येच आपल्या ग्राहकांची संघटना काढली आणि मंडळ हे विक्रीचेही साधन होऊ शकते, हे जगाला दाखवून दिले. गोव्यात भरणारा रॉयल एन्फिल्डचा ‘रायडर मेनिया’ हा मेळावा २०२३ पासून ‘मोटोव्हर्स’ या नावाने भरू लागला. तिथे संगीत असते, शर्यती असतात, खाण्यापिण्याची चंगळ असते आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वार येतात. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस साजरा होतो. त्या दिवशी बंगळूर, म्हैसूर, पुणे अशा शहरांत घासूनपुसून चकचकीत केलेल्या गाड्यांनी मैदाने भरून जातात. मग उणे काय आहे?

उणे आहे ते पंगतीत वाढणाऱ्यांचे. मोठ्या मेळाव्यात जेवणारे शेकडो असतात आणि वाढप्यांचे काम कंपनीने नेमलेली माणसे पैसे घेऊन चोख करतात. मंडळात जेवणारे आणि वाढणारे तेच असतात, आणि पाळी फिरती असते. वर्षातून एका दिवशी गर्दीत सामील होणे आनंदाचे खरे. परंतु त्या गर्दीत कोणी आला नाही, तर ‘तो आज का आला नाही?’ असे विचारणारे कोणी नसते. चौकातल्या चार गाड्यांत पाचवी दिसली नाही, तर ताबडतोब विचारले जाते. फोन केला जातो. क्वचित कोणीतरी घरी जाऊनही येतो आणि तिथे कळते, की स्वाराची आई रुग्णालयात आहे आणि त्याला रक्ताच्या दोन बाटल्या हव्या आहेत. रविवारच्या फेऱ्यांनी जमवलेली खरी पुंजी ती असते. ती बंद इंजिनांच्या निमित्ताने जमली होती, एवढेच.

मात्र सारा दोष नव्या यंत्रांवर आणि नव्या पिढीवर टाकून जुन्यांना हात झटकता येणार नाहीत. मंडळे ओस पडण्यात मंडळांचाही वाटा आहे. पदाधिकारी वर्षानुवर्षे तेच. चहाच्या टपरीवर सांगितले जाणारे किस्सेही तेच. रोहतांगच्या बर्फात गाडी कशी अडकली, ते विसाव्यांदा ऐकताना नवख्याने आश्चर्यचकित व्हावे, ही अपेक्षा. एखादा विशीतला मुलगा नवी कोरी गाडी घेऊन हौसेने येतो, तर त्याच्या गाडीला ‘मिक्सर’ म्हणून हसले जाते. त्याने चेन किती सैल ठेवावी असे विचारले, तर ‘एवढेही ठाऊक नाही?’ हे पहिले उत्तर मिळते आणि खरे उत्तर दुसऱ्या क्रमांकावर. तो मुलगा पुढच्या रविवारी येत नाही. आणि मग त्याच टपरीवर चर्चा होते, की हल्लीच्या पोरांना कशाचे प्रेमच नाही. ज्या मंडळांनी सायलेन्सर काढून गल्ल्या दणाणून सोडल्या, त्यांच्या गळतीचे तर शेजारपाजाऱ्यांनी मनापासून स्वागत केले असणार.

जिथे गरज खरी होती, तिथे नवी मंडळे उभीही राहिली, हे विसरून चालणार नाही. पुण्याच्या उर्वशी पाटोळे यांनी २०११ मध्ये ‘द बायकरनी’ ही स्त्री मोटारसायकलस्वारांची संघटना सुरू केली. मोटारसायकल हे बायकांचे काम नव्हे, गाडी पेलेल का, एकटी कुठे निघाली, हे प्रश्न ऐकून ऐकून कंटाळलेल्या स्त्रियांना एकमेकींची सोबत हवी होती. पुरुषांच्या मंडळांत त्यांना मागच्या बैठकीवरची जागा सहज मिळे. पुढची मिळवावी लागे. गाडी कितीही भरवशाची झाली, तरी ती त्यांची ही अडचण दूर करू शकत नव्हती. ती शेजारी उभे राहणाऱ्या दुसऱ्या स्त्रीनेच दूर होणार होती.

इंजिनाला आता सोबत लागत नाही. स्वाराला लागते का, असा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर रस्त्यावर मिळते आणि ते सुखाचे नाही. २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील सुमारे ७५ हजार, म्हणजे १०० पैकी ४४ हून अधिक, दुचाकीवरची होती. इंजिन न बिघडणारे झाले आहे. हाड मात्र पूर्वीइतकेच ठिसूळ आहे. वळणावर सांडलेली वाळू, रात्री दिव्याविना उभा असलेला ट्रक, अचानक आडवी आलेली म्हैस यांना गाडीचे वय ठाऊक नसते. अपघातानंतरच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर पुष्कळ जीव वाचतात, असे वैद्यक सांगते. परंतु घाटात एकटा स्वार कठड्यापलीकडे गेला, तर तो पडला आहे हे तरी कोणाला आणि केव्हा कळणार?

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मदत करायला लोक पूर्वी कचरत. पोलीस, साक्षी, न्यायालयाच्या खेपा यांची धास्ती त्यामागे होती. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनीसांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्या संरक्षणाला कायद्याचा आधार मिळाला. ही फार मोलाची गोष्ट झाली. तरीही जो थांबेल त्याला कायदा संरक्षण देतो. कोणी थांबेलच, याची तजवीज तो करू शकत नाही. रांगेत ती तजवीज आधीच केलेली असते. पुढचा आरशात पाहत असतो. दिवा दिसेनासा झाला, की तो गाडी वळवतो. आणि सर्वांत मागून येणारा तर थांबण्यासाठीच निघालेला असतो.

मंडळातील गळतीचा हिशेब म्हणून डोकी मोजून लागत नाही. चाळीस स्वार आले आणि मागे चालायला कोणीच तयार नसले, तर ती फेरी चाळीस एकट्यांची होते. चारच आले आणि त्यांतला एक मागे चालला, तर ते मंडळ असते. ओहोटी प्रथम याच जागेवर दिसू लागते. पुढे जायला सर्वांना आवडते, मध्ये चालायला कोणाची हरकत नसते. पण आपला वेग मनाआड करून दुसऱ्याच्या वेगाने दिवसभर चालणे, आणि तेही कोणाच्या नजरेस न येता, हे काम जुन्यांच्या गुडघ्यांना आता झेपत नाही आणि नव्यांना ते कोणी शिकवलेले नाही. नव्यांना ते जमणार नाही असे मात्र नाही. काही ठिकाणी ही जागा पाळीपाळीने द्यायला सुरुवात होते आणि चेन किती सैल ठेवावी असे विचारणारा मुलगाच ती सर्वांत चोख सांभाळतो. कारण अडखळणे म्हणजे काय, हे त्याला अजून ताजे आठवत असते.

पिशवी मात्र बदलावी लागते. बैठकीत ती उघडून सगळे सामान चटईवर मांडले जाते. येझदीची क्लच केबल हल्लीच्या कोणत्याच गाडीला बसत नाही. ती हळहळत बाजूला काढली जाते. पॉइंट घासायची पट्टी जाते, ट्यूबही जाते. ट्यूबलेस टायरचे सामान आणि हवा भरायचा लहान पंप आत येतो. बँडेज, दोरी, विजेरी, पाण्याची बाटली आणि ज्याच्या त्याच्या घरच्या फोन क्रमांकांचा व रक्तगटांचा कागद तेवढा राहतो. त्या कागदावर नवी नावे लिहिली जातात, काही जुनी खोडावी लागतात आणि खोडताना कोणी बोलत नाही. पिशवी पूर्वीपेक्षा बरीच हलकी झालेली असते. मग ती रविवारी कोणाच्या गाडीला बांधायची, हा विषय निघतो. थोडा वेळ सगळे जण चहाच्या पेल्यात पाहत राहतात. अखेर कोणीतरी हात पुढे करतो आणि म्हणतो, “आण इकडे.”